एकाच घरातले तीन मधुमेह

आपल्या प्रश्नात एकाच कुटुंबातल्या तिघांची माहिती आहे, म्हणून उत्तर देण्याआधी ती एकदा नीट मांडून घेतो. आपले वडील ६८ वर्षांचे असून गेली सोळा वर्षे त्यांचा मधुमेह गोळ्यांवर आहे. आपल्या बहिणीचा नऊ वर्षांचा मुलगा गेल्या महिन्यात उलट्या आणि पोटदुखीने अतिदक्षता विभागात दाखल झाला, त्याची साखर ४८० निघाली आणि आता त्याला दिवसातून चार वेळा इन्सुलिन द्यावे लागते. आपल्याला स्वतःला दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी साखर वाढली होती, ती नंतर उतरली, पण चार वर्षांनी केलेल्या तपासणीत उपाशीपोटीची साखर ११४ आणि एचबीए१सी (हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१ आले आहे, त्रास मात्र काहीही नाही. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात की ‘शुगर ती शुगर, आजोबांचे गोळीवर भागते तर पोराला रोज सुया कशाला टोचता’, आणि आपण विचारता की तिघांचा आजार एकच आहे का, तो कशामुळे झाला आणि कोणत्या लक्षणांकडे लक्ष ठेवायचे.

तातडीचे उत्तर आधी देतो. मुलाचे इन्सुलिन एक दिवसही बंद करता येणार नाही, गोळीने, काढ्याने किंवा पथ्याने त्याची जागा भरून निघणार नाही. तिघांच्या रक्तात साखर वाढलेली असली तरी ती वाढण्यामागची कारणे तीन ठिकाणी तीन आहेत. ताप जसा हिवतापाने येतो, विषमज्वराने येतो आणि घशाच्या संसर्गानेही येतो, तशी वाढलेली साखर ही शेवटी दिसणारी गोष्ट आहे. ‘शुगर किती आहे’ हे सगळेच विचारतात, ‘मधुमेह कोणत्या प्रकारचा आहे’ हे फार थोडे विचारतात, आणि माझ्या पाहण्यात मोठ्या चुका होतात त्या हा दुसरा प्रश्न न विचारल्यामुळे.

प्रकार समजून घ्यायचे तर साखरेचा रोजचा हिशेब थोडा पाहावा लागतो. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते आणि त्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी फक्त पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर साखर असते. आपण जेवणात पोळी, भात, फळे यांतून त्याच्या कितीतरी पट साखर आत घेतो आणि तरीही रक्तातली पातळी त्या एका चमच्याच्या आसपासच राहते, कारण स्वादुपिंडातल्या बीटा पेशी क्षणोक्षणी मोजून इन्सुलिन सोडत असतात. इन्सुलिन साखर स्नायूंमध्ये आणि चरबीच्या पेशींमध्ये पोचवते हे बहुतेकांना माहीत असते, पण त्याचे दुसरे काम तितकेच मोलाचे आहे. यकृत हे आपले साखरेचे कोठार आहे आणि ते उपाशी वेळेत रक्तात साखर सोडत असते, त्याला ‘आता पुरे’ असे सांगते ते इन्सुलिन. ‘डॉक्टर, रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही घेतले नाही, मग सकाळची साखर १६० कशी’ हा प्रश्न मला आठवड्यातून दोनतीनदा तरी ऐकावा लागतो. ती साखर रात्रीच्या जेवणाची नसते, आवर न उरलेल्या यकृताने पहाटे सोडलेली असते.

आता मुलाकडे येतो. त्याचा आजार टाइप १ प्रकारचा आहे. यात शरीराची संरक्षण यंत्रणा, जी जंतूंवर चालून जायची, ती चुकून स्वतःच्याच बीटा पेशींवर चालून जाते आणि काही महिन्यांत किंवा वर्षांत त्या पेशी जवळजवळ संपवते. या हल्ल्याच्या खुणा, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडे, लक्षणे दिसण्याच्या बऱ्याच आधीपासून असतात, पण मूल त्या काळात हसते-खेळते असल्याने कोणाला शंका येत नाही. काही जनुकांमुळे या हल्ल्याची शक्यता वाढते आणि काही विषाणुसंसर्ग त्याला निमित्त ठरत असावेत असे मानले जाते. घराण्यात कोणालाही टाइप १ नसताना तो होणे हेच जास्त आढळते. आपल्या वडिलांचा मधुमेह नातवात ‘उतरला’ असे म्हणता येणार नाही. मुलाने चॉकलेटे जास्त खाल्ली किंवा बहिणीने गरोदरपणात काही चुकीचे खाल्ले म्हणून हे झाले, असेही नाही. हे वाक्य मी दवाखान्यात आईसमोर मुद्दाम दोनदा उच्चारतो, कारण पहिल्यांदा ते ऐकूच जात नाही.

वडीलधाऱ्यांना समजावताना एवढे सांगावे: आजोबांच्या गोळ्यांपैकी ग्लिमेपिराइडसारखी गोळी बीटा पेशींना ‘अजून इन्सुलिन सोडा’ असे ढोसते, आणि मेटफॉर्मिन यकृताला आवर घालून असलेल्या इन्सुलिनचा उपयोग वाढवते. नातवाकडे ढोसायला पेशीच उरलेल्या नाहीत आणि उपयोग वाढवायला इन्सुलिनही नाही. ते बाहेरूनच द्यावे लागते, आणि तोंडाने दिले तर पोटात पचून जाते, म्हणून सुई. शंभराहून थोड्या अधिक वर्षांपूर्वी हाही मार्ग नव्हता. १९२१ मध्ये टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने जगवणे एवढेच वैद्यकाच्या हाती होते.

टाइप १ ची लक्षणे आठवड्या-दोन आठवड्यांत ठळक होतात, आणि ती कळली तर मूल अतिदक्षता विभागापर्यंत जाण्याची वेळ येत नाही. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की मूत्रपिंडाला ती रोखून धरता येत नाही, ती लघवीतून वाहू लागते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वाढते, लघवी वाढली म्हणून तहान लागते. मोठ्यांच्या शरीरातून अशा रीतीने दिवसाला शंभर ग्रॅमही साखर निघून जाऊ शकते, म्हणजे खाल्लेल्या अन्नातल्या चारशे कॅलरी मोरीत गेल्या. त्यात इन्सुलिन नसल्याने स्नायू आणि चरबी वितळू लागते, मूल खातेपिते तरी वाळत जाते. पूर्वी अंथरुण ओले न करणारे मूल पुन्हा करू लागणे, रात्री उठून तांब्याभर पाणी पिणे, शाळेत दर तासाला बाईंकडे लघवीची परवानगी मागणे, गणवेशाची चड्डी महिन्याभरात सैल होणे, मोरीत लघवी पडली तिथे मुंग्या जमणे, यातली दोन लक्षणे एकत्र दिसली तर त्याच दिवशी बोटातून साखर तपासावी. ती तपासणी एका मिनिटाची आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.

हे टप्पे निसटले की पुढचा टप्पा कीटोअॅसिडोसिसचा, जो आपल्या भाच्याला गाठून गेला. साखर वापरता येत नाही म्हणून शरीर चरबी जाळते, त्यातून कीटोन नावाची आम्ले साठतात आणि रक्त आम्लधर्मी होऊ लागते. मग उलट्या, पोटदुखी, ग्लानी आणि लांब, खोल श्वास सुरू होतो. हा श्वास एकदा पाहिला की विसरता येत नाही. काही वर्षांपूर्वी अकरा वर्षांची एक मुलगी आमच्याकडे आणली गेली. तिला दोन दिवस एका दवाखान्यात ‘अपेंडिक्स असेल’ म्हणून पोटदुखीची इंजेक्शने आणि ग्लुकोजचे सलाइन दिले गेले होते. ओठ कोरडे पडून तडकलेले, डोळे खोल गेलेले, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि तोंडाजवळ गेल्यावर पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. ग्लुकोमीटरवर आकडा आलाच नाही, नुसते ‘हाय’ उमटले. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘पंधरा दिवस झाले, पोरगी माठ रिकामा करतेय.’ तो पंधरवडा मिळाला असता तर तिला आमच्या खाटेवर यावे लागले नसते. ती वाचली, आज महाविद्यालयात जाते, पण प्रत्येक वेळी असे होत नाही. उलट्या करणाऱ्या, धापा टाकणाऱ्या प्रत्येक मुलाची साखर सलाइन लावण्याआधी पाहावी, हा नियम मी त्या दिवसापासून आमच्या परिचारिकांना पाठ करायला लावला आहे.

एक सावधगिरीची सूचना याच ठिकाणी देतो. इन्सुलिन सुरू झाल्यावर उरल्यासुरल्या बीटा पेशींना विसावा मिळतो आणि पुढचे काही आठवडे किंवा महिने मुलाची इन्सुलिनची गरज एकदम घटते. डॉक्टर याला मधुचंद्राचा काळ म्हणतात, नाव जरा थट्टेचेच आहे. याच काळात कोणीतरी ‘बघा, आमच्या चूर्णाने शुगर उतरली’ असे सांगतो आणि पालक सुई बंद करतात. आपल्या भाच्याचा हा काळ आत्ताच चालू असण्याची शक्यता आहे. मात्रा कमी होईल, ती डॉक्टर कमी करतील, पण सुई थांबणार नाही.

वडिलांचा आजार टाइप २ प्रकारचा, आणि आपल्याकडे मधुमेह म्हणून जे ओळखले जाते त्यातला फार मोठा भाग हाच. यात इन्सुलिन असते, सुरुवातीला तर नेहमीपेक्षा जास्तच असते, पण यकृत, स्नायू आणि चरबी त्याचे ऐकेनाशी होतात. मग बीटा पेशी आवाज चढवतात, म्हणजे आणखी इन्सुलिन सोडतात, आणि अनेक वर्षे साखर ताब्यात ठेवतात. एके दिवशी त्यांचा दम संपू लागतो तेव्हा अहवालातला आकडा पहिल्यांदा वाढतो. ब्रिटनमधल्या एका मोठ्या दीर्घकालीन अभ्यासात निदानाच्या वेळीच बीटा पेशींची क्षमता साधारण निम्मी उरलेली आढळली होती. सोळा वर्षांपूर्वी वडिलांना ‘शुगर झाली’ असे कळले, त्याच्या बऱ्याच आधी ती सुरू झालेली होती, आणि पुढेमागे त्यांनाही इन्सुलिन लागले तर तो त्यांचा पराभव मानू नये.

ऐकेनासे होण्याचे कारण काय? आनुवंशिकता आहेच, आणि टाइप २ मध्ये ती टाइप १ पेक्षा जास्त ठळक दिसते. पण त्याच्या बरोबरीने चरबी कुठे साठते हा मुद्दा आहे, आणि इथे पुण्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. मात्र आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव जितके लहान होते तितकी त्यांची चरबी कमी नव्हती. बाळ दिसायला बारीक, आतून चरबीचे. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण छापले: दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक नेमका २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखे, आतून दोन वेगळी माणसे.

म्हणूनच ‘मी काही जाड नाही, मला कशी होईल’ हे आपल्या लोकांच्या बाबतीत फसवे बोलणे आहे. हातपाय काटकुळे आणि सदऱ्याच्या बटणांवर ताण आलेले पोट, हा आमच्या बाह्यरुग्ण विभागातला नेहमीचा चेहरा आहे. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रीची ८० च्या वर गेली की धोका धरावा, आणि ही कंबर पँटच्या पट्ट्यावर न मोजता बरगडीची खालची कड आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजावी. पट्टा पोटाखाली सरकत जातो आणि माणूस वीस वर्षे ‘माझा नंबर ३४ च आहे’ असे सांगत राहतो.

साखर खाल्ल्याने मधुमेह होतो का, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण घरात तो चालू असणार. थेट तसे होत नाही, आणि साखरेऐवजी गूळ किंवा मध घेतल्याने टळतही नाही, रक्तात गेल्यावर त्यांची साखरच होते. गरजेपेक्षा जास्त ऊर्जा वर्षानुवर्षे आत येणे आणि स्नायूंनी ती न वापरणे यातून यकृतात आणि पोटात चरबी साठते, तिथून पुढचे सगळे घडते. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी पोळीबरोबर बटाट्याची भाजी आणि वर भात, संध्याकाळी बिस्किटे आणि दिवसभरात पाच कप गोड चहा, असे आपल्या घरातले ताट बघितले तर त्यात साखरेचा डबा न उघडताही पिष्टाचाच भार असतो, आणि डाळ वाटीच्या तळाशी. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस खाऊन दुसऱ्या दिवशी साखर तपासायला येणारे आणि ‘काल तर उपास होता’ असे सांगणारे रुग्ण मला दर चतुर्थीनंतर भेटतात. अपुरी झोप, रात्रपाळी, तंबाखू, यकृतातली चरबी, स्त्रियांमध्ये बीजकोशांतल्या गाठींचा विकार, यांचाही हातभार लागतो. ‘टेन्शनमुळे झाली’ हे अर्धेच खरे. ताणाने साखर चढते, पण जमीन आधी तयार असावी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, त्यांत देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि १५.३ टक्के प्रौढांना त्याची पूर्वावस्था आढळली. गोव्याचा आकडा देशात सर्वांत जास्त, २६.४ टक्के, होता.

लक्षणांच्या बाबतीत मात्र टाइप २ विषयी लोकांची समजूत नेमकी उलटी आहे. तहान आणि लघवी ही लक्षणे साखर १८० ओलांडून सतत वर राहिली की येतात, हे वर सांगितलेच. म्हणजे ज्याची उपाशीपोटीची साखर १४० आहे आणि जेवणानंतरची २१० पर्यंत जाऊन उतरते, त्याला मधुमेह आहे आणि लक्षण कदाचित एकही नाही. त्रास नाही म्हणून तपासले नाही, आणि तपासले तेव्हा डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके होते, अशी माणसे मी मोजायची सोडून दिली आहेत. टाइप २ मध्ये लक्षणाची वाट पाहणे ही सगळ्यांत महाग पडणारी चूक आहे. तीस वर्षांवरच्या माणसाने, आणि घरात मधुमेह असेल तर त्याआधीही, लक्षणे नसताना तपासावे.

तरीही शरीर काही खुणा देत असते, फक्त त्या ‘शुगर’ म्हणून ओळखल्या जात नाहीत. मानेच्या मागे आणि काखेत मखमलीसारखी काळसर, जाडसर कातडी येते. आया ती मळ समजून किशोरवयीन मुलीची मान साबणाने आणि डाळीच्या पिठाने घासत राहतात, पण तो मळ नसतो, चढ्या इन्सुलिनची खूण असते. चष्म्याचा नंबर तीन महिन्यांत दोनदा बदलतो, कारण साखरेच्या चढउताराने डोळ्यातले भिंग फुगते आणि आकसते. नवा चष्मा करण्याआधी साखर तपासली असती तर पैसे वाचले असते. जांघेत आणि लघवीच्या जागी खाज येते. स्त्रिया हे महिनोन्‌महिने कोणाला सांगत नाहीत आणि पुरुष बुरशीचे मलम आणून लावत राहतात. पाठीवर, बेंबीखाली वारंवार गळू होतात, हिरड्या सुजतात आणि दात हलतात, खांदा आखडतो आणि मागे हात नेता येत नाही. मधुमेहात क्षयरोगाची शक्यता दुपटी-तिपटीने वाढते, म्हणून दोन आठवड्यांवर टिकलेल्या खोकल्याबरोबर साखर आणि साखरेच्या रुग्णाच्या खोकल्याबरोबर थुंकी, अशी दोन्ही बाजूंनी तपासणी करायची असते.

वडिलांच्या बाबतीत पायांकडे पाहा. सोळा वर्षांच्या मधुमेहात नसा बधिर होणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. आधी रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात, चादर लागली तरी नको वाटते. पुढे आग थांबते आणि रुग्ण बरे वाटते म्हणून सांगतो, पण ती संवेदनाच गेलेली असते. चालता चालता चप्पल पायातून निसटली आणि चार पावले पुढे गेल्यावर कोणीतरी सांगितले, असे त्यांच्या बाबतीत घडले आहे का ते विचारा. छातीत न दुखताही त्यांना हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. अचानक दम लागणे, घाम फुटणे, गळून गेल्यासारखे होणे याला ‘गॅस’ म्हणून सोडा-लिंबावर सोडून देऊ नये.

आता आपली स्वतःची गोष्ट. गरोदरपणात वारेतून येणारी संप्रेरके आईच्या शरीराला इन्सुलिनचे ऐकू देत नाहीत, म्हणजे बाळाकडे साखर जात राहावी अशी ती निसर्गाची योजना असते. बहुतेक स्त्रियांच्या बीटा पेशी त्या काळात कामाचा वेग वाढवून निभावून नेतात, ज्यांना ते जमत नाही त्यांची साखर वाढते. आपल्या सरकारी कार्यक्रमात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात, पोटात अन्न असो वा नसो, आणि १४० किंवा त्याहून जास्त आले तर तो गरोदरपणातला मधुमेह मानतात. पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान ही तपासणी होते. याला लक्षण असे जवळजवळ नसतेच. वार पडली की साखर उतरते आणि घरात सगळे ‘गेली एकदाची’ म्हणतात. खरे तर ती परीक्षा होती आणि आपल्या बीटा पेशींची शिल्लक बेताची आहे हे तिने आधीच सांगून ठेवले. अशा स्त्रियांना पुढे टाइप २ होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो, म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आणि पुढे दरवर्षी तपासणी सांगितलेली असते. आपल्याला ती कोणी सांगितली नाही असे आपण लिहिता. दुर्दैवाने हे आपल्या एकटीच्या बाबतीत घडलेले नाही.

उपाशीपोटीची साखर १२६ किंवा वर, ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० किंवा वर, अथवा एचबीए१सी ६.५ किंवा वर, याला मधुमेह म्हणतात, आणि लक्षणे नसतील तर दुसऱ्या तपासणीने त्याची खात्री करून घेतात. आपले ११४ आणि ६.१ हे त्याच्या अलीकडचे, पूर्वावस्थेतले आकडे आहेत. एक प्रश्न मात्र मी आपल्याला समोर बसवून विचारला असता: पाळीचा रक्तस्राव जास्त आहे का, हिमोग्लोबिन किती आहे? लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या पंडुरोगात एचबीए१सी खोटे जास्त दिसू शकते. उलट विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या ज्या समाजांत सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आढळतो, तिथे लाल पेशी लवकर मरत असल्याने ते खोटे कमी येऊ शकते, आणि अहवाल हातात घेऊन निर्धास्त झालेला माणूस मधुमेही असतो. आपल्या बाबतीत उपाशीपोटीचा आकडाही वाढलेला असल्याने पूर्वावस्था खरी धरायला हरकत नाही.

पूर्वावस्थेला ‘बॉर्डरलाइन आहे, काळजी नको’ असे म्हणून परत पाठवणारे आमच्याच व्यवसायात बरेच आहेत. मला ते पटत नाही. तिन्ही प्रकारांत आधी अडवता येण्यासारखी हीच एक जागा आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी पूर्वावस्थेतल्या भारतीयांवर केलेल्या अभ्यासात, नियमित चालणे आणि आहारातले बदल एवढ्यानेच तीनेक वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले होते, आणि ही माणसे विशेष जाड नव्हती, त्यांचे वजनही फारसे उतरले नव्हते.

या तीन प्रकारांपलीकडे आणखी काही आहेत, ते थोडक्यात सांगतो. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी किंवा त्वचेसाठी दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडने साखर वाढते. ‘जादूच्या’ सांधेदुखीच्या पुड्यांतही ते मिसळलेले सापडते. स्वादुपिंडात खडे होऊन तरुण, कृश माणसांना मधुमेह होतो, त्यात पोट दुखते आणि शौच तेलकट होते. लहानपणीच्या कुपोषणाशी जोडलेला, कीटोन सहसा न होणारा एक प्रकार पूर्वी जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत होता, मग वगळला गेला, आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला टाइप ५ म्हणून पुन्हा मान्यता दिली. चाळिशीतल्या बारीक माणसात टाइप २ समजून गोळ्या दिल्या जातात, पण आतून टाइप १ संथपणे चाललेला असतो. आणि एकाच जनुकातल्या दोषाने होणारा प्रकार आजोबा, वडील, मुलगा असा पिढ्यान्‌पिढ्या, बहुधा पंचविशीच्या आत दिसतो. गंमत अशी की यातल्या काहींना, तसेच सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या काही बाळांना, खरोखरच गोळी पुरते. म्हणजे आपल्या घरातल्या मंडळींच्या म्हणण्यात तथ्य असणारी मुले आहेत, पण ती जनुकीय तपासणीने ठरतात. भाच्याच्या बाबतीत शंका राहिली असेल तर सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते हे दाखवणारी) आणि जीएडी प्रतिपिंडे (बीटा पेशींवरच्या हल्ल्याची खूण शोधणारी) या दोन तपासण्या करून घ्याव्यात. माझ्या मते नव्या प्रत्येक मुलात त्या व्हाव्यात, खर्चाचे कारण मला कळते तरीही.

मधुमेह एक नाही हे आपल्या परंपरेला अगदीच अपरिचित नव्हते. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज, म्हणजे जन्मजात, आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले आहेत. पहिल्यातला रोगी कृश, रूक्ष, तहानलेला, तर दुसऱ्यातला स्थूल, पुष्कळ खाणारा आणि बसण्या-झोपण्याची आवड असणारा. आजच्या टाइप १ आणि टाइप २ शी त्यांची तंतोतंत सांगड घालण्याचा मोह मी टाळतो, पण घरी चर्चा होईल तेव्हा हा दाखला वडीलधाऱ्यांना कदाचित माझ्यापेक्षा लवकर पटेल.

आता करायचे काय ते सांगतो. भाच्याच्या घरी कीटोनच्या पट्ट्या आणि चालू स्थितीतला ग्लुकोमीटर हवा. त्याला ताप किंवा उलट्या झाल्या, जेवला नाही, तरी इन्सुलिन पूर्ण थांबवायचे नाही, दर तीनचार तासांनी साखर पाहायची, पाणी पाजत राहायचे, आणि उलटी थांबत नसेल किंवा कीटोन आले असतील तर रात्र असली तरी रुग्णालयात न्यायचे. साखर ७० च्या खाली गेली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. शाळेतल्या बाईंना हे दोन्ही लिहून द्या. वडिलांच्या डोळ्यांच्या पडद्याची, लघवीतल्या प्रथिनांची आणि पायांची तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी. ती शेवटची कधी झाली हे त्यांना आठवत नसेल तर याच महिन्यात करून घ्या.

आपण हिमोग्लोबिन आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करून घ्या. रात्री आठ ते दहा तास उपाशी राहून सकाळी जायचे, पहिले रक्त दिल्यावर ग्लुकोजचे पाणी पाच मिनिटांत संपवायचे, आणि पुढचे दोन तास तिथेच बसून राहायचे. मधल्या वेळेत चहा नाही, बाजारात फेरी नाही, कारण चालण्यानेही आकडा खाली येतो. त्याआधीचे तीन दिवस पोळी आणि भात नेहमीइतकाच खा, चांगला अहवाल यावा म्हणून जेवण तोडू नका. दोन्ही अहवाल आले की चालण्याबरोबर मेटफॉर्मिनचा विचार करायचा का, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवता येईल.